गळाला लावलेला ऑटो

चालू वस्तूबद्दल इतकी उदासीनता बाळगणारा माणूस मी आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. आमच्या शेजारच्या वायंडिंगवाल्या चाचांसमोर तुम्ही कोरा करकरीत पंखा आणून ठेवा, लग्नातल्या अनोळखी पाहुण्याकडे पाहावं तसं ते त्याच्याकडे पाहतील आणि मान हलवून आपल्या कामाला लागतील. तोच पंखा दोन वर्षांनी कण्हत, खरडत, जळका वास सोडत आणा. चाचा उठून उभे राहतील, हात पुसतील आणि त्याला दोन्ही हातांनी अलगद उचलून घेतील. त्यांच्या नातेवाइकांना हे इतकं पाठ झालं आहे की ईदेला भाचे-पुतणे भेटायला येताना बंद पडलेलं काहीतरी सोबत घेऊन येतात. कुणी मिक्सर आणतं, कुणी कूलरचा पंप. एका वर्षी माझ्या बायकोने त्यांना नवं मनगटी घड्याळ दिलं. चाचांनी मनापासून आभार मानले आणि दुसऱ्या दिवशी मी पाहिलं तर घड्याळ उघडून टेबलावर पसरलेलं. "काही बिघडलं का?" मी विचारलं. "नाई ना," चाचा खिन्नपणे म्हणाले, "थेच पाहून राह्यलो. काहीच नाई बिघडलं."

अनसिंगच्या बाजारात माझं झेरॉक्सचं आणि ऑनलाइन अर्ज भरण्याचं दुकान आहे आणि त्याला लागून चाचांचं मोटर वायंडिंगचं. मधली भिंत एका विटेची, त्यामुळे त्यांचं दुकान मी रोज दहा तास ऐकतो. विहिरीत जळालेल्या मोटरी मानोऱ्याच्या तांड्यांपासून पार रिठदपर्यंतच्या गावांतून त्यांच्याकडे येतात. शेतकरी मोटर टेबलावर ठेवतो आणि श्वास रोखून उभा राहतो. चाचा ती खोलतात, आत नाक घालून वास घेतात आणि दोनच शब्दांपैकी एक उच्चारतात: "होते", म्हणजे दुरुस्त होईल, किंवा "गेली". 'पाहू', 'प्रयत्न करतो', 'वरच्याच्या हातात आहे' असली भाषा त्या दुकानात मी कधी ऐकली नाही. गहू पाण्यावर आलेला असताना एक माणूस अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, "चाचा, मनासाठी तरी सांगा ना, होईन मनून." चाचा म्हणाले, "मनासाठी सांगतलं तर विहिरीतून पानी येईन काय?" तो माणूस रागावून दुसरीकडे गेला. तिथे त्याला आठ दिवस "होईल" असं सांगितलं गेलं आणि नवव्या दिवशी तो नवी मोटर घेऊन परत इथेच बसवायला आला.

वास घेऊन भागलं नाही तर चाचा पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर काढतात. टोक यंत्राला टेकवायचं, लाकडी मूठ कानाच्या मागे दाबायची आणि डोळे मिटायचे. बेअरिंग कुठे घासतंय, गुंडाळी कुठे सैल झाली आहे, सगळं त्यांना त्या मुठीतून कळतं. हा पेचकस त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असतो आणि तो समारंभातही बाहेर येतो. माझ्या मुलीच्या बारशाला, आत्या कानात नाव सांगायला वाकली आणि सगळे गप्प झाले, तेव्हा चाचा आमच्या फ्रिजला पेचकस लावून उभे होते. नाव जाहीर व्हायच्या आत त्यांनी जाहीर केलं, "गेली." माझ्या सासूबाईंनी तो शब्द अजून माफ केलेला नाही. फ्रिज मात्र चौथ्या दिवशी खरोखरच बंद पडला, आणि चाचांनी तो आनंदाने घरी नेला.

त्यांची दुसरी खोड अशी की तांब्याची तार घेऊन मोटरीत वेढे भरायला बसले की ते बोलत नाहीत. मोजत असतात. एक वेढा कमीजास्त झाला की सगळं उलगडायचं, त्यामुळे त्या वेळात घराला आग लागली तरी चाचा आधी आकडा पुरा करतील. समोरच्या हॉटेलवाल्याने एकदा सकाळी अकराला "चहा घेता काय?" असं विचारलं. चाचांनी मान वर केली नाही. पावणेएकला भिंतीपलीकडून मला त्यांचा आवाज आला: "अर्धा. साखर कमी." हॉटेलवाला तोपर्यंत जेवायला घरी गेला होता. पण एक गोष्ट कबूल केली पाहिजे, चाचांकडे विचारलेला प्रश्न कधी वाया जात नाही. उशीर होतो, उत्तर येतंच. विचारणारा निघून गेला असेल तर ते त्याला फोन लावतात आणि प्रश्नाची आठवणही न करून देता थेट उत्तर सांगतात. "हो, मंगळवारी" एवढंच ऐकून गोंधळलेले कितीतरी लोक मग माझ्या दुकानात चौकशीला येतात.

आणि तिसरी खोड म्हणजे ऑटो. आमच्याकडे वीज तिच्या सवडीने येते आणि सवडीने जाते. रात्री-अपरात्री विहिरीवर कोण जाणार, म्हणून शेतकरी स्टार्टरला ऑटो स्विच लावून घेतात. लाईन आली की तो अर्धा मिनिट थांबतो आणि मोटर आपोआप सुरू करतो. ही सोय विहिरीपुरती आहे असं बाकीचे लोक समजतात. चाचांच्या हातून मात्र ऑटो लावल्याशिवाय एकही फिरणारी वस्तू बाहेर पडलेली नाही. त्यांच्या घरी मिक्सरला ऑटो आहे, कूलरला आहे, सुनेच्या शिलाई मशीनलाही आहे. लाईन परत आली की चाची "सरका!" म्हणून ओरडतात, सगळे भिंतीला पाठ लावून उभे राहतात आणि अर्ध्या मिनिटाने सगळं घर एकदम कामाला लागतं. रिकामा मिक्सर घुमतो, मशीन कापडाशिवाय शिवायला लागतं. मी एकदा म्हटलं, "चाचा, एवढं कशाला?" त्यावर ते गंभीरपणे म्हणाले, "बंद पडनं काही गुन्हा नाई भाऊ. लाईन आल्यावर बी बसून राहनं, थो गुन्हा हाये."

एवढ्या कामात चाचा आठवड्यातून एकच वेळ मोकळे असत. शुक्रवारी नमाज झाली की दुकानाचं शटर ओढायचं, मोटरी वाहायच्या तीनचाकी टेम्पोत दोन काठ्या टाकायच्या आणि गावाबाहेरच्या तलावावर जायचं. सोबतीला नाना. नानांचा गावाला लागून भाजीचा मळा आहे. वांगी, मेथी, संभार म्हणजे कोथिंबीर, जे काय बाजारात लागतं ते. त्यांची विहिरीतली मोटर तीस वर्षांपूर्वी पहिल्यांदा जळाली तेव्हा दोघांची ओळख झाली आणि त्यानंतर ती आणखी पाच वेळा जळाली. नाना त्यांना मिस्तरी म्हणतात. हे दोघं तलावाच्या काठावर शेजारी बसत, गळ टाकत आणि दिवस मावळेपर्यंत फारसं काही बोलत नसत. यातली मौज अशी की दोघांपैकी मासा कुणाच्याच घरी जात नसे. चाचांना लहानपणी घशात काटा अडकला होता, तेव्हापासून ते मासा ताटात घेत नाहीत. नानांच्या बायकोच्या, म्हणजे काकूंच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. मासा त्यांच्या अंगणातसुद्धा येऊ शकत नाही. त्यामुळे तीस वर्षांतल्या बहुतेक माशांची जबाबदारी आमच्या घराने उचललेली आहे. शुक्रवारी संध्याकाळी रोहू नाहीतर मरळ येणार हे धरून माझी बायको मसाला वाटून ठेवत असे.

गेल्याच्या आदल्या पावसाळ्याआधी मासे येणं थांबलं. नानांना लकवा मारला. वाशिमच्या एका दवाखान्यात ते पंधरा दिवस होते. चाचा रोज भेटायला जात. पलंगावरच्या हवेच्या गादीच्या पंपाला पेचकस लावून ऐकताना नर्सबाईंनी त्यांना दोनदा बाहेर काढलं. नाना घरी आले ते तोंडाची उजवी बाजू किंचित उतरलेली आणि उजवा हात मांडीवर ठेवलेला तसाच, कुणीतरी विसरून गेल्यासारखा. बोलणं हळूहळू परत आलं, पाय थोडा आला, हात आला नाही. चाचा पहिल्या शुक्रवारी टेम्पो घेऊन दारात उभे राहिले. नाना ओसरीवरच्या बाजेवरून म्हणाले, "एका हातानं काठी धरू का चाक फिरवू? तू ओढशीन अन् मी पाहीन, त्याच्यासाठी कायले येऊ?" चाचांनी आग्रह केला तेव्हा त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. मळा पोरांनी सांभाळला, भाजी बाजारात जात राहिली, पण नाना ओसरीवरून हलेनात. जेवायला बोलावलं तरी "ठिव तिकडे" म्हणत. डॉक्टरांचं म्हणणं होतं की माणूस असाच पडून राहिला तर आलेला पायही जाईल.

चाचा एकटे तलावावर गेले नाहीत. शुक्रवारी ते पूर्वीसारखंच शटर ओढत आणि आत बसून राहत. भिंतीपलीकडून मला काही ऐकू येत नसे, ना हातोडी, ना पेचकस. दहा तास ऐकायची सवय असलेल्या माणसाला तो शुकशुकाट सहन होत नाही. मी एकदा अर्धं शटर वर करून आत वाकलो आणि विचारलं, "चाचा, नानांचं काय वाटतं? होते का?" त्यांनी खिशातला पेचकस चाचपला. मग म्हणाले, "मानूस खोलून पाहाता येत नाई ना भाऊ."

अशात त्यांचा जावई आखातातून सुट्टीवर आला. तो कुठल्याशा शेठच्या मोटरबोटीवर कामाला आहे. सासऱ्यासाठी तो नेहमीप्रमाणे बंद पडलेली वस्तू घेऊन आला होता, पण या वेळची वस्तू आम्ही कुणीच पाहिलेली नव्हती. नारळाएवढं एक काळं, चकचकीत रीळ, त्यावर गुंडाळलेला बारीक दोरा आणि मागून निघालेली वायर. खोल समुद्रात मासे धरणारे लोक हे काठीला लावतात, बटण फिरवलं की दोरा आपोआप गुंडाळला जातो, असं जावयाने सांगितलं. चाचांनी ते हातात घेतलं आणि खाली ठेवलंच नाही. "मंजे हे एका हातानं चालते?" त्यांनी विचारलं. "अब्बा, एका बोटानं चालते," जावई म्हणाला. चाचांनी त्याच जागी बसून रीळ खोललं. आतली दातेरी चाकं पितळेसारखी लखलखत होती, पण मोटर खाऱ्या पाण्याने खाऊन टाकली होती; पेचकस लावताच ती भुग्यासारखी गळून पडली. "गेली," चाचा म्हणाले. पण हे त्यांनी ज्या उत्साहात सांगितलं तशा उत्साहात मी ते पूर्वी कधीच ऐकलं नव्हतं.

मग माझी पाळी आली. असल्या रिळात दुसरी कुठली मोटर बसते का हे मी इंटरनेटवर शोधावं असा हुकूम झाला. कुठल्या तरी देशातल्या एका गृहस्थाने अशाच रिळात खेळण्यातल्या विमानाची मोटर बसवल्याचा व्हिडिओ मला सापडला. चाचांनी तो सात वेळा पाहिला, म्हणजे ऐकला. डोळे मिटून, मोबाइल कानाला लावून. सातव्यांदा ते म्हणाले, "इंग्रजी नाई समजलं. बेअरिंग चांगली हाये." या मोटरीला ब्रश नसतात, तीन वायरी असतात आणि तिला चालवायला एक लहानसं कंट्रोलर लागतं, हे मी त्यांना सांगितलं. तीन वायरी ऐकून त्यांचा चेहरा खुलला. "मंग सांग ना, थ्री फेज हाये!" ऑर्डर देताना मात्र एक पेच आला. मोटरीच्या नावापुढे चौदाशे केव्ही असं लिहिलं होतं. चाचा खुर्चीतून उठून उभे राहिले. "चौदाशे केव्ही? शेतातून टावरची लाईन जाते थे बी एवढी नसते. नाना कोयसा होईन!" हे विजेचं माप नसून एका व्होल्टला मोटर मिनिटाला किती फेरे घेते त्याचा आकडा आहे, हे पटवायला मला दुपार लागली, आणि तरी ते पूर्ण पटलेलं नव्हतं, कारण पार्सल आलं तेव्हा त्यांनी ते रबरी हातमोजे घालून उघडलं.

लिंबाएवढी मोटर होती. चाचांनी ती रिळात बसवली, फवारणीच्या पंपातली बॅटरी काढून तिला जोडली आणि दोऱ्याचं टोक तांब्याच्या भंगाराच्या एका पोत्याला बांधून ते पोतं माझ्या दारात ठेवलं. पहिल्यांदा मोटर उलटी फिरली. चाचांनी शांतपणे दोन वायरींची अदलाबदल केली, तीस वर्षं पाण्याच्या मोटरींची करतात तशी, आणि पुन्हा बटण फिरवलं. पोतं माझ्या दारातून निघालं आणि चाचांच्या दुकानात पोचलं. मधे ते कुठे होतं हे मला सांगता येणार नाही, कारण कुणी पाहिलंच नाही. हॉटेलवाल्याने फक्त वारा लागल्याचं सांगितलं. चाचांनी भिंतीत रुतलेलं तांबं काढलं आणि म्हणाले, "लई घाई करून राह्यली. नानाले घाई नाई." वेग कमी करायचा तर वेढे वाढवायचे, हे त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. ती मोटर पुन्हा भरायची त्यांनी ठरवलं.

आणि ती भरायला ते नानांच्या ओसरीवर जाऊन बसले. नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते, म्हणून चाचा भिंत आणि बाज यांच्या मधल्या हातभर जागेत शिरले. आता नानांना पाहण्यासारखं दुसरं काही उरलं नाही. मी व्हिडिओ दाखवायला म्हणून सोबत होतो, पण माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. चाचांनी डोळ्याला भिंग लावलं. मोटरीला तार गुंडाळायचे बारा दात. प्रत्येकावर सात वेढे होते, ते उलगडून बारीक तारेचे चौदा भरायचे. पंपाच्या मोटरीत कोपरापर्यंत हात घालणारा माणूस चिमटीत तो लिंबाएवढा जीव धरून बसला. तार दोनदा तुटली, दोनदा पहिल्यापासून सुरुवात झाली. काकू चहा ठेवून गेल्या, तो निवला. नाना आधी नुसते डोळे उघडे ठेवून होते, मग मान उचलून पाहायला लागले. सातव्या की आठव्या दातावर ते एकाएकी बोलले. "मिस्तरी, माह्या हातात पुन्ना लाईन येईन काय?"

चाचा मोजत होते. मी घड्याळाकडे पाहिलं नाही, पण फार वेळ गेला. नानांनाही ही सवय ठाऊक होती, तेही वाट पाहत राहिले. बारावा दात भरून झाला, चाचांनी तारेचं टोक कापलं, मोटर कानाशी नेऊन हलवली, भिंग काढून डबीत ठेवलं. आता उत्तर येणार म्हणून आम्ही दोघांनी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "शुक्रवारी तयार राहाय." एवढं बोलून ते टेम्पोकडे निघून गेले. चाचांना प्रश्न तसाच ठेवून उठून जाताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

शुक्रवारी काकूंनी नारळ काढून ठेवला होता. आमच्याकडे नवी मोटर विहिरीत सोडताना नारळ फोडतात, आणि ही मोटरही पाण्याकडेच निघाली होती. "मी मोटरीले फोडून राह्यली, गळाले नाई," काकूंनी आधीच स्पष्ट केलं, आणि माळ सावरून दगडावर नारळ आपटला. नाना नको नको म्हणत होते, पण नारळ फुटल्यावर माघार घेता येत नाही. त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं, उजवीकडे कलंडू नयेत म्हणून शेल्याने खुर्चीला बांधलं आणि खुर्चीसकट टेम्पोत चढवलं. तलावावर चाचांनी काठी आणि रीळ खुर्चीच्या हाताला घट्ट आवळलं, वेगाचं बटण नानांच्या डाव्या हातात दिलं, बॅटरी खाली ठेवली आणि गळ टाकला. नाना पाण्याकडे पाहत बसले. आठ महिन्यांनी पाहत होते, पण त्यांनी तसं काही दाखवलं नाही. म्हणाले, "पानी कमी झालं."

तासाभराने दोरा ताणला गेला. नानांनी बटण फिरवलं. मोटरीने बारीक सूर लावला आणि दोरा सावकाश, अगदी नानांच्या चालीने यायला लागला. चाचा पाण्याकडे पाहतच नव्हते, ते खुर्चीच्या पाठीला पेचकस लावून ऐकत होते. माशाने मात्र तेवढ्यात पाण्यात बुडालेल्या बाभळीत उडी घेतली आणि दोरा तिथे अडकला. हिसक्याने बॅटरीची वायर निसटली, मोटर बंद. "थांब, लावतो," म्हणत चाचांनी वाकून वायर पुन्हा लावली. मोटर सुरू झाली नाही. नानांनी बटण सगळं फिरवून पाहिलं, तरी नाही. मी म्हटलं, बिघडली वाटतं. चाचा माझ्याकडे मोठ्या समाधानाने पाहून हसले आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसाने माशाच्या गळालासुद्धा ऑटो लावलेला आहे.

अर्धा मिनिट पुरा झाला आणि रीळ पूर्ण ताकदीने सुरू झालं. बाभूळ जागची हलणार नव्हती. मग हलण्यासारखं जे होतं ते हललं. खुर्ची, तीत बांधलेले नाना, काठी आणि रीळ अशी सगळी मंडळी ओल्या चिखलावरून तलावाकडे निघाली, फार वेगाने नाही, संध्याकाळी फिरायला निघावं इतपत. चाचांनी खुर्चीची पाठ धरली आणि तेही निघाले. मी चाचांचा सदरा धरला. "नाना, बटन!" चाचा ओरडले. "बटन बंद कर!" पाणी नानांच्या घोट्याला लागलं, मग पोटरीला. शेल्याची गाठ ओली होऊन आवळली होती. खोल पाणी तिथून दोन हातांवर होतं आणि मला त्या क्षणी खरोखर भीती वाटली. मग दोरा तुटला, आणि आम्ही तिघंही खुर्चीसकट मागे चिखलात पडलो.

आम्ही नानांना उचलून बसवलं. त्यांचं अंग हलत होतं. मला वाटलं झटका आला. ते हसत होते. अर्ध्या तोंडाने, पण पोटापासून. "बटन तुह्या हातात होतं ना बे!" चाचा तोंडावरचा चिखल पुसत म्हणाले, "बंद काहून नाई केलं?" नानांनी डावा हात उघडून दाखवला, बटण त्यांनी मुठीत सांभाळून ठेवलं होतं. "मिस्तरी," ते म्हणाले, "आठ महिन्यांत मी पहिल्यांदा कुठी तरी चाललो होतो. कोनी उचलून नेत नव्हतं. मीच चाललो होतो."

चाचांनी खिशातून पक्कड काढली आणि ऑटोच्या वायरीला लावली. आपल्या हाताने बसवलेला ऑटो ते काढायला निघाले होते. नाना म्हणाले, "राहू दे. असू दे थो." चाचांनी पक्कड परत ठेवली. रीळ मांडीवर घेतलं, शेल्याच्या टोकाने त्यातला चिखल पुसला आणि मान खाली घालूनच म्हणाले, "येईन."

"काय येईन?"

"लाईन. तू इचारलं होतं ना तवा. येईन."

सहा वेळा मोटर जळालेला माणूस होता तो. चाचांचं 'होते' आणि 'गेली' त्याने तीस वर्षं ऐकलं होतं. त्याने चाचांकडे नीट पाहिलं. "मिस्तरी," नाना हळूच म्हणाले, "मनासाठी सांगून राह्यला काय?"

चाचांनी तुटलेल्या दोऱ्याचं टोक धरलं, रिळावर हाताने एक वेढा घातला, मग दुसरा, आणि मोजायला लागले.

या गोष्टीला आता वर्ष होत आलं. आमच्या घरी शुक्रवारी पुन्हा मासे येतात आणि बायको मसाला वाटून ठेवते. खुर्चीला आता लोखंडी खुंट्या आहेत, त्या चाचा दगडाने जमिनीत ठोकतात. ऑटो आहे तसाच आहे. गळ टाकण्याआधी चाचा नानांचा उजवा हात मांडीवरून उचलतात आणि रिळावर ठेवतात. मासा लागला की मोटर सुरू होते आणि तो हात थरथरायला लागतो. ते मोटरीचं थरथरणं आहे हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे. तरी चाचा दर वेळी वाकतात, पेचकसाचं टोक नानांच्या मनगटाला टेकवतात, मूठ कानामागे धरतात आणि डोळे मिटून ऐकत राहतात. नाना त्यांच्या तोंडाकडे पाहत असतात, आणि खरं सांगायचं तर मीही पाहत असतो. चाचा 'होते' म्हणत नाहीत आणि 'गेली' असंही म्हणत नाहीत. मोजत असतील.